वाळूच्या थरांतला हिवाळा

मटकी रात्री भिजत घातली, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोड हजर. बी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हाच सरळ व्यवहार येतो : ओल द्या, ऊब द्या, अंकुर घ्या. थंड मुलुखातल्या झाडांची बी या व्यवहाराला जुमानत नाही. हॉथॉर्न, मॅपल किंवा रानसफरचंदाची ताजी बी कितीही भिजवा, उबेत ठेवा, ढिम्म हलत नाही. त्यात तिचे शहाणपण आहे. पानगळीत जमिनीवर पडलेली बी लगेच रुजली, तर कोवळे रोप पहिल्याच बर्फात करपून जायचे. म्हणून हिवाळा पुरता सोसल्याखेरीज ती उघडतच नाही. या हट्टी बीला रुजवण्याच्या युक्तीचे नाव स्ट्रॅटिफिकेशन. लॅटिनमध्ये 'स्ट्राटम' म्हणजे थर. आजच्या रोपवाटिकांत थर क्वचितच दिसतात, नाव मात्र टिकून आहे. ते कुठून आले हे पाहायला आपल्याला सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये जावे लागेल.

ऑक्टोबर 1662. इंग्लंडच्या नौदलाला जहाजांसाठी ओकचे लाकूड कमी पडू लागले होते आणि अधिकाऱ्यांनी नव्या रॉयल सोसायटीकडे सल्ला मागितला होता. जॉन एव्हलिन या बागवेड्या सद्गृहस्थाने त्यावर एक निबंध वाचला. 1664 मध्ये त्याचाच 'सिल्वा' हा ग्रंथ झाला, आणि सोसायटीच्या हुकमाने छापलेले ते पहिले पुस्तक ठरले. बी ओलसर माती-वाळूच्या थरांत रचून हिवाळाभर ठेवावी आणि वसंतात पेरावी, ही रीत त्यात आहे. पण एव्हलिनची चिंता मुख्यतः राखणीची होती. ओकची बी वाळली की मेली, आणि उघड्या वाफ्यात पेरली तर उंदीर-पाखरे ती फस्त करतात. थर म्हणजे त्याच्या लेखी कोठार होते. त्या कोठारात आणखी काही घडत असेल, याची कल्पना यायला अडीचशे वर्षे जायची होती.

मधल्या काळात ही विद्या पुस्तकांपेक्षा माळ्यांच्या हातात राहिली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये सामाईक कुरणे कायद्याने वाटली जाऊ लागली आणि प्रत्येक नव्या शेताला हॉथॉर्नचे काटेरी कुंपण हवे झाले. एकाएकी रोपांची मागणी लाखांत गेली. हॉथॉर्नच्या बीला दगडासारखे कवच. तिला एक हिवाळा पुरत नाही. म्हणून माळी लाल फळे वाळूत मिसळून खड्ड्यात पुरत. गर कुजून जाई, अधूनमधून ढीग खालीवर केला जाई, आणि सुमारे अठरा महिन्यांनी, दुसऱ्या वसंतात, पेरणी होई. इतिहासात नावे उरली ती जमीनदारांची. दीड वर्ष तो ढीग राखणाऱ्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे, फिलाडेल्फियाजवळ, जॉन बार्ट्रम नावाचा शेतकरी अशाच हट्टी बियांसाठी जंगले पालथी घालत होता. लंडनचा कापडव्यापारी पीटर कॉलिन्सन 1730 च्या दशकापासून त्याच्याकडून बिया मागवू लागला. पुढे पाच गिनींना एक पेटी असा दरच ठरला, आणि पेटीत शंभरेक प्रकारच्या बिया असत. इंग्लंडमधल्या उमरावांच्या बागा अमेरिकी मॅपल-मॅग्नोलियांनी भरल्या त्या या पेट्यांमुळे. बार्ट्रम आणि त्याचा मुलगा विल्यम यांना 1765 मध्ये जॉर्जियातल्या अल्टमाहा नदीकाठी एक अनोळखी झाड दिसले. पुढे विल्यमने त्याची बी आणून घरी रुजवली. फ्रँकलिनिया नावाचे हे झाड 1803 नंतर रानात कुणाला दिसलेले नाही. आज ते जिथे कुठे आहे, तिथे बार्ट्रमच्या वाफ्यातून गेलेले आहे.

थरांची युक्ती समुद्रमार्गे हिंदुस्थानातही आली, चहाच्या निमित्ताने. थंडीशी चहाच्या बीचे काही देणेघेणे नाही, पण तीही वाळली की मरते. चीनमधून वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यूनने कोरडी पाठवलेली बी वाया गेली. 1849 मध्ये त्याने नवी बी काचेच्या बंद वार्डियन पेटीत, तुतीच्या रोपांमधल्या ओल्या मातीत पेरून पाठवली, आणि कलकत्त्याला पेटी उघडली तेव्हा आत रोपे उगवलेली होती. 1851 मध्ये सहारनपूरच्या सरकारी बागेत 12 हजारांहून अधिक रोपे पोचली. एव्हलिनचे कोठार आता तरंगू लागले होते!

खरे वळण मात्र एका शोभेच्या झाडापाशी आहे. पांढऱ्या हातरुमालांसारखी पाने फुलांभोवती लोंबकळणारे डेव्हिडिया हे झाड फादर आर्मां डेव्हिड यांनी 1869 मध्ये पश्चिम चीनमध्ये पाहिले. 1897 मध्ये फादर फार्ज यांनी फ्रान्सला बियाण्यांचे व्यापारी व्हिल्मोरँ यांच्याकडे 37 बिया पाठवल्या. त्यांतून 1899 मध्ये रोप उगवले ते एकच. मग लंडनच्या व्हीच रोपवाटिकेने अर्नेस्ट विल्सन या तरुणाला चीनला धाडले, आणि त्याने भरपूर बी पाठवली. व्हीचच्या कूम्ब वूड इथल्या बागेतल्या माळ्यांनी तिच्यावर सगळे प्रयोग केले : काही उबदार काचघरात ठेवली, काही गरम पाण्यात भिजवली, काहींचे कवच कानशीने घासले. उगवली ती बाहेर उघड्या वाफ्यात टाकलेली, हिवाळा सोसलेली बी, 1902 च्या वसंतात, आणि तिच्यापासून 13 हजारांवर रोपे झाली. लाडात वाढवलेल्या बीने दगा दिला आणि वाऱ्यावर सोडलेलीने नाव राखले.

मग प्रयोगशाळा जागी झाली. अमेरिकेत विल्यम क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हॉथॉर्नच्याच बीवर काम केले. 1924 मध्ये न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्सला बॉइस थॉम्पसन संस्था उघडली आणि तिथे क्रॉकर व लीला बार्टन यांनी एकामागून एक बिया तपासल्या. अनेक बियांना बर्फाची गरजच नव्हती. 5 अंश सेल्सिअसच्या आसपासची, ओल धरून असलेली थंडी पुरत होती. मात्र ती आठवडेच्या आठवडे हवी. कोरड्या बीला थंडी देऊन उपयोग नव्हता. आपल्या नकळत माळी अडीचशे वर्षे वाळूच्या पेटीत हिवाळा भरत आले होते, थर हे निमित्त. 1960 च्या दशकात वेल्समध्ये फिलिप वेअरिंग यांच्या गटाने सिकॅमोरच्या झाडात वाढ रोखणारे द्रव्य शोधले. आज त्याला ॲब्सिसिक ॲसिड म्हणतात, आणि बी झोपते-जागी होते ती त्याच्या आणि वाढ चेतवणाऱ्या गिबरेलिनच्या ओढाताणीत, असे चित्र पुढे आले.

पेटीची जागा आता प्लॅस्टिकच्या पिशवीने घेतली आहे : मूठभर ओलसर वाळू किंवा कोकोपीट, त्यात बी, वर तारखेची चिठ्ठी, आणि पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. हिमाचलात, जिथे सॅम्युएल स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास कोटगढला अमेरिकी सफरचंदे लावली, तिथे कलमाच्या खुंटासाठी रानसफरचंदाची बी अजूनही दोन-तीन महिने ओल्या वाळूत थंडीला ठेवतात. आपल्याकडे या प्रक्रियेचा पुरावा कधीकधी विळीवर सापडतो. शीतगृहातून आलेले मार्च-एप्रिलमधले सफरचंद चिरताना मधल्या गाभ्यात एखादी बी फुटलेली दिसते, तपकिरी साल उलगडून तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे मूळ बाहेर आलेले. फळाच्या ओल्या पोटात, ट्रकमध्ये आणि गोदामात, तिचा हिवाळा पुरा झालेला असतो.