जुन्या पुस्तकांचा विक्रेता आणि ग्रंथांचे मूलस्थान : खानदेशाच्या संदर्भात

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडे तालुक्यातील नरडाणा हे गाव सुरतेकडून अमळनेर-जळगावकडे येणाऱ्या तापी खोऱ्यातील लोहमार्गावर आहे. हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहतुकीस खुला झाला आणि खानदेशातील कापूस व धान्य बाहेर जाण्याची मोठी सोय झाली. कापसाच्या हिशेबाला जितका मान आहे तितका घराघरांतून बाहेर पडणाऱ्या जुन्या कागदाच्या हिशेबाला नाही. तथापि भाषेच्या आणि ग्रंथांच्या इतिहासाच्या दृष्टीने हा दुसरा व्यापार उपेक्षणीय नव्हे.

अशा गावी जुन्या पुस्तकाचा पहिला खरेदीदार ग्रंथविक्रेता नसतो. तो रद्दी घेणारा असतो. घराची वाटणी झाली, वृद्ध शिक्षक निवर्तले, वाडा पाडावयास काढला, की माळ्यावरील गठ्ठे खाली येतात आणि तराजूत पडतात. रद्दीवाल्याच्या लेखी पुस्तक हे वजन होय. पुठ्ठ्याला निराळा भाव, वर्तमानपत्राला निराळा. त्याच्याकडून निवडून माल उचलणारा तो जुन्या पुस्तकांचा विक्रेता. कागदाचा लगदा होणे आणि ग्रंथ वाचणे या दोहोंमध्ये बहुधा एवढा एकच मनुष्य उभा असतो.

त्याचा दिनक्रम बाहेरून दिसतो तितका निवांत नाही. सकाळी रद्दीच्या दुकानांची फेरी. गोणपाटावर ओतलेल्या ढिगातून घाईने निवड, कारण दुसरा गिऱ्हाईक तेथे उभा असतोच. मग धूळ झटकणे, ऊन देणे, कसर आणि वाळवी लागलेली पाने वेगळी काढणे, फाटलेली शिवण आवळणे. शेवटी आतल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने किंमत. या व्यवसायाला पोसतात ती दुर्मीळ पुस्तके नव्हेत. जून महिन्यातील क्रमिक पुस्तके, परीक्षांची मार्गदर्शके आणि रहस्यकथा यांवर वर्षाचा खर्च निघतो. एखादी शिळाछापाची पोथी महिनोन् महिने पडून राहते व तिला जागा अडवल्याचा दोष लागतो. दुर्मीळ ग्रंथाच्या शोधाची वर्णने वाचताना या जूनच्या उलाढालीचा विसर पडतो, हे अभ्यासकांनी ध्यानी घ्यावयास हवे.

विक्रेत्याची कालनिर्णयाची पद्धती शास्त्रशुद्ध म्हणता येणार नाही. परंतु ती निराधारही नाही. मुखपृष्ठ फाटलेले पुस्तक हाती आले तर तो आधी अक्षरांवरील टिंबे पाहतो. ‘नाहीं’, ‘तूं’, ‘घरें’, ‘करणें’ अशी रूपे आढळली की पुस्तक जुन्या वळणाचे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार छापील मराठीतून क्रमाने मागे पडले, हे ज्ञान त्याला व्याकरणातून नव्हे, हाताळणीतून आलेले असते. शकाचा आकडा दिसल्यास तो त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवितो. कागद बोटांनी चोळून हातकागद की गिरणीचा कागद हे सांगतो. खानदेशात एरंडोल व यावल येथे एकेकाळी हातकागद तयार होत असे. त्या जातीचा जाड, घोटलेला कागद आणि पुढील काळातील ठिसूळ, पिवळा पडणारा गिरणी-कागद यांतील भेद डोळे मिटूनही कळण्याजोगा आहे.

मोडीच्या बाबतीत मात्र हे कौशल्य दगा देते. मोडी शाळांतून उठल्यानंतरच्या पिढीला मोडीचा प्रत्येक कागद सावकाराच्या चोपडीसारखा दिसतो. विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी टंकांत छापलेला आहे. त्याचे सुटे पान ढिगात आले तर ते वहीचे पान म्हणून तराजूत जाणार नाही, अशी खात्री कोण देईल?

मराठी मुद्रणाच्या पहिल्या साठ वर्षांच्या बाबतीत ही शंका विशेष गंभीर ठरते. कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये छापले गेले. छापील पुस्तकांची नोंद करण्याचा कायदा १८६७ मध्ये झाला आणि त्यानंतर प्रांतिक सरकारांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. त्यापूर्वीच्या पुस्तकांना असा सरकारी दाखला नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळाची जी मराठी ग्रंथसूची सिद्ध केली, ती ग्रंथालये व खाजगी संग्रह प्रत्यक्ष धुंडाळण्याच्या अपार कष्टांतून. सूचीत नसलेले पुस्तक सापडावयाचे तर आजही ते बहुधा अशाच ढिगात सापडेल.

जुन्या कागदांचे मोल खानदेशाला नवे नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा पहिला खंड विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे मालेचे बावीस खंड झाले. दप्तरे धुंडाळण्यासाठी गावोगाव हिंडलेल्या या संशोधकाचे अखेरचे दिवस धुळ्यास गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात स्थापन झाले. शंकर श्रीकृष्ण देव यांचे रामदासी वाङ्मयाच्या संग्रहाचे कार्यही धुळ्यातलेच. डोमगाव मठातील कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनी १९०५ साली छापून काढली. डोमगावची प्रत कोणत्या मठातील, कोणाच्या हातची, हे वाचकाला सांगता येते. आणि म्हणून तिच्यावर पाठचर्चा उभी राहते.

याच्या उलट उदाहरण स्वतः राजवाड्यांचेच आहे. मराठवाड्यातील पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. मूळ पोथी पुढे अभ्यासकांस उपलब्ध राहिली नाही. पोथीचे वय, लेखनिकाचे हात, मागाहून केलेल्या दुरुस्त्या यांविषयीचे प्रश्न त्यामुळे छापील पाठापाशीच थांबतात. राजवाड्यांसारख्या साक्षेपी संशोधकाच्या हातून हे घडते, तर रोज शंभर पुस्तके हाताळणाऱ्या विक्रेत्याला बोल कसा लावावा?

परंतु दोष न देताही हानी मोजली पाहिजे. विक्रेता पुस्तक वाचवितो, पण घरापासून तोडून वाचवितो. शिंदखेड्याकडील घरातून निघालेला गठ्ठा फोडला जातो : धार्मिक पुस्तके एकीकडे, शालेय दुसरीकडे, वह्या व हस्तलिखिते बहुधा रद्दीत परत. समासातील अहिराणी शब्द, कीर्तनकाराने पानाच्या पाठीवर लिहिलेला उतारा, बक्षिसाच्या पुस्तकावरील शाळेचा शिक्का, ही सर्व गावाशी जोडलेली प्रमाणे गाव विसरल्याबरोबर निम्मी मुकी होतात. बोलीच्या अभ्यासात तर ‘कोठचे’ हा प्रश्न ‘काय’ या प्रश्नाच्या आधी येतो. नंदुरबारकडील रूप आणि जळगावकडील रूप एका ढिगात मिसळले की त्यांचे वर्गीकरण अनुमानावर सोपवावे लागते.

वह्यांच्या बाबतीतील धोका किती खरा आहे हे असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या गीतांवरून कळते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते; त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या. १९५१ साली त्यांचे निधन झाल्यावर चिरंजीव सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. वहीचा वारस स्वतः कवी होता. तशी वही तराजूत आली असती तर तिचे वजन काही तोळेच भरले असते.

उपाय फार खर्चाचा नाही. किंमत लिहिताना विक्रेत्याने गठ्ठा घेतलेल्या गावाचे नाव आणि वर्ष त्याच शिसपेन्सिलीने लिहिले, तरी पुढील अभ्यासकाचे पुष्कळ काम होते. व्यक्तीचे नाव लिहिण्याची गरज नाही, आणि ते उचितही नव्हे. काही विक्रेते स्वतःच्या सोयीसाठी सांकेतिक अक्षरात खरेदीची जागा नोंदवितात. तो संकेत त्यांच्याखेरीज कोणास ठाऊक नसतो. शिवाय पुष्कळ ग्राहक पुस्तक घरी नेल्यावर ते पेन्सिलीचे लेखन खोडरबराने पुसून टाकतात.