रेम्ब्रांटचा उलटा शंख

आजचा एपिसोड एका व्हॉट्सॲप फोटोवरून सुचला. बालीत डायव्हिंगला गेलेल्या मित्राने पाठवलेला. पाण्याखाली, तळहातावर काळा शंख, अंगभर पांढरे तिकोनी ठिपके. खाली मेसेज: "डावा शंख सापडला! लाखात एक ना?"

डावा-उजवा ओळखणं सोपं आहे. निमुळतं, वेटोळ्यांचं टोक वर धरायचं, शंखाचं तोंड आपल्याकडे. तोंड उजवीकडे आलं तर उजवा. (गंमत म्हणजे आपल्याकडे 'दक्षिणावर्ती' म्हणून महाग विकतात तो शास्त्राच्या भाषेत डावा!) कोन जातीचे शंख जवळपास सगळे उजवेच. मग हा डावा कसा? फोटो झूम केला, तर मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचे आकडेही उलटे. साहेबांनी रीलसाठी फोटो फ्लिप केला होता.

हीच चूक १६५० साली रेम्ब्रांटने केली होती. होय, तोच डच चित्रकार. पूर्वेकडून डच जहाजांतून येणारे शंख तेव्हा श्रीमंतांच्या कपाटात मिरवायचे, रेम्ब्रांटलाही नाद होता. १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं तेव्हा सामानाच्या यादीत शंखही होते. त्याने तांब्याच्या पत्र्यावर असाच एक मार्बल कोन कोरला. पत्र्यावरून कागदावर छापताना चित्र आरशासारखं उलटतं. आपल्या कोडमध्ये फ्लिपला निदान एक ओळ तरी लिहावी लागते, इथे ते फुकटात होतं. सही आणि साल त्याने आठवणीने उलटं कोरलं, म्हणून ते सरळ छापलं गेलं. शंख मात्र होता तसाच कोरला. छापलेला शंख डावा झाला! १७५८ मध्ये लिनियसने या जातीला कोनस मार्मोरियस हे नाव दिलं.

पण मला काळजी वेगळीच होती. कोन शंखातला प्राणी विषारी दात भाल्यासारखा मारतो. मार्बल कोन मुख्यतः इतर गोगलगाई खातो. माणसांचे जीव घेतलेत ते जास्त करून त्याच्या मासेखाऊ भाऊबंदाने, कोनस जिओग्राफसने. त्यावर उतारा म्हणून इंजेक्शन नाही. इंडोनेशियातल्याच अंबोन बेटावर राहणारा रुम्फियस १६७० मध्ये आंधळा झाला, तरी शंखांवर पुस्तक लिहून गेला. ते त्याच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये छापलं. त्यात बांदा बेटावरच्या एका गुलाम बाईची नोंद आहे. जाळं ओढताना सापडलेला कोन तिने हातात धरला. हाताला किंचित खाज सुटली, ती दंडापर्यंत चढली, अंगभर पसरली, आणि बाई गेली.

मित्राला लगेच फोन लावला. "अरे, जिवंत होता का तो?"

"हो, आत काहीतरी हलत होतं. उद्या अजून एक शोधणार आहे, आईसाठी."

मग त्याला बांदाच्या बाईची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प होता. आईसाठी आता लाकडी मुखवटा घेतलाय म्हणे. फोटो मात्र अजून उलटाच लावलाय.