बांधावरचं करटुलं परसात

लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबीत करटुल्याचं बी कुणी दुकानातून आणल्याचं मी ऐकलेलं नाही. ते बांधावरून परसात आलं आणि तिथून बायांच्या हातांनी घरोघर गेलं. लेकी माहेराहून परत निघाल्या की पदराच्या गाठीत अंबाडी, चिवळ, दोडक्याचं बी असायचंच. करटुल्याचा मात्र कंद द्यावा लागे, कारण त्याच्या बियांचं कवच कठीण, उगवता उगवत नाही.

कंदासोबत माहितीही द्यावी लागते. ह्या वेलात नर वेगळा, मादी वेगळी, आणि पानावरून काही कळत नाही. संध्याकाळी पिवळं फूल उमललं की त्याच्या बुडाशी पाहायचं. तिथं इवलंसं काटेरी फळ दिसलं तर मादी, नाहीतर नर. नुसत्या माद्या लावल्या तर वेल मांडवभर पसरतो, पण फळ धरत नाही. आठ-दहा माद्यांमागं एक नर हवाच. म्हणून माझी आजी नराच्या कंदाला सुतळी बांधून द्यायची. दिवाळीनंतर वेल वाळतो, कंद मातीत निजतो आणि मृगाच्या पावसाला पुन्हा कोंब काढतो.

बांधावर करटुल्याखेरीज इतर रानभाज्याही होत्या. १९७२च्या दुष्काळात तरोट्याच्या पाल्यानं किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे आजी सांगायची. त्या काळी कपाशी खुरपताना बाया कुंजर, घोळ ओटीत टाकत आणि संध्याकाळची भाजी होई. पुढं सोयाबीन आलं, तणनाशक आलं. फवारा तण आणि भाजी असा भेद करत नाही, आणि ह्याचं मला फार वाईट वाटतं. बांध पिवळे पडले तसं परसाचं मोल वाढलं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या आजीच्या गाडग्यांचाच मान झाला असं मला वाटलं. तिची गाडगी अशी असत: राखेत घोळलेलं बी, वर कडुनिंबाचा पाला, तोंड शेणमातीनं लिंपलेलं. आपलं बी राखायचा, वाटायचा हक्क शेतकऱ्याला २००१च्या कायद्यानंही दिला आहे. तो वापरला पाहिजे.

माझ्याकडं यंदा नर कंद जास्तीचे आहेत. ज्यांचे वेल नुसते फुलतात त्यांनी मृगाआधी येऊन न्यावेत, आणि लावेपर्यंत सुतळी सोडू नये.