परसबागेतील ससा आणि इंग्लंडचे शिकार-कायदे

इंग्लंडच्या पार्लमेंटने इ. स. १५६६ मध्ये धान्यरक्षणाचा एक कायदा केला. गावोगावच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी जमीनधारकांवर पट्टी बसवून पैसा उभा करावा आणि उपद्रवी पशुपक्ष्यांची मुंडकी आणून देणारास त्यातून बक्षीस द्यावे, अशी त्यात योजना होती. फळझाडांच्या कळ्या कुरतडणाऱ्या बुलफिंच पक्ष्याबद्दल एक पेनी आणि काटेरी अंगाच्या हेजहॉगबद्दल दोन पेन्स असा दर होता. हेजहॉग रात्री निजलेल्या गाईचे दूध पितो, ही त्या काळची समजूत या दराच्या मुळाशी असावी; वस्तुतः तो बिचारा किडे आणि गोगलगाई खाऊन बागेवर उपकारच करतो. परंतु त्याच बागेच्या कुंपणातून शिरून कोबी फस्त करणाऱ्या सशाबद्दल असे बक्षीस नव्हते. ज्या गरीब शेतकऱ्याला बुलफिंच मारल्याबद्दल गावाने पैसे मोजावयाचे, त्यानेच कुंपणाच्या भोकाशी सशासाठी फास लावला तर त्याला तुरुंगाची वाट धरावी लागे.

हा भेद नुकसानीवर आधारलेला नव्हता. हिवाळ्यात जमीन बर्फाने झाकली गेली म्हणजे ससा फळझाडांच्या रोपांची साल सोलून खातो, आणि साल सभोवार निघाली तर झाड मरते. बुलफिंच एका हंगामाचे फळ नेतो. ससा झाडच नेतो. तरीही कायद्याच्या दृष्टीने एक ‘व्हर्मिन’ होता आणि दुसरा ‘गेम’. ‘व्हर्मिन’ हा शब्द लॅटिन ‘वेर्मिस’ म्हणजे कृमी यापासून आला. ‘गेम’ या शब्दाचा मूळ अर्थ आनंद, करमणूक, खेळ. पुढे ज्या प्राण्यामागे धावून ती करमणूक करावयाची, त्या प्राण्यालाच हे नाव मिळाले. मराठीतही ‘शिकार’ हा फारसीतून आलेला शब्द कृती आणि प्राणी या दोहोंना लागतो. तेव्हा असे अर्थांतर विरळा आहे असे नाही. पण इंग्लंडात या शब्दाने एक प्रश्न आधीच निकालात काढला होता. बागेत शिरलेला ससा हा बागवाल्याचा चोर नसून दुसऱ्या कोणाच्या तरी करमणुकीचा ठेवा होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘ससा’ या एकाच शब्दाने दोन निराळ्या प्राण्यांचा बोध होतो. उघड्या रानात राहणारा, बीळ न करणारा तो ‘हेअर’, आणि बिळांच्या वसाहतीत राहणारा तो ‘रॅबिट’. आपल्याकडचा रानातला ससा पहिल्या जातीचा आहे; इतकेच नव्हे, तर ‘हेअर’ आणि संस्कृत ‘शश’ हे दोन्ही शब्द एकाच मूळ धातूकडे जातात, म्हणून ‘ससा’ हा त्या इंग्रजी शब्दाचा दूरचा भाऊबंदच होय. रॅबिटला मात्र जुन्या इंग्रजीत नावच नाही, कारण तो प्राणीच तेथे नव्हता. नॉर्मन लोकांनी तो बाराव्या शतकाच्या सुमारास आणला आणि त्याबरोबर ‘कोनी’ हे फ्रेंच नावही आणले. ‘रॅबिट’ हे आरंभी केवळ त्याच्या पिलाचे नाव होते. त्याला मांसासाठी आणि कातड्यासाठी ‘वॉरेन’मध्ये पाळीत. या शब्दाच्या मुळाशी बहुधा ‘राखणे’ हा अर्थ आहे, म्हणजे आपल्या ‘राखीव’चाच तो सगोत्र म्हणावा. अर्थात रॅबिट पकडणे ही कायद्याने पुष्कळशी चोरी ठरे, तर सशाच्या बाबतीत तसे नव्हते. ससा रोमन न्यायशास्त्राप्रमाणे कोणाच्याच मालकीचा नाही. जो धरील त्याचा. इंग्लंडच्या जमीनदारांची अडचण नेमकी हीच होती, आणि तिच्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की, ससा कोणाचा हे न सांगता तो कोणी धरू नये एवढेच सांगावे.

या तोडग्याचा आरंभ १३८९–९० च्या कायद्यात दिसतो. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडाला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. ज्याचे जमिनीचे उत्पन्न वर्षाला ४० शिलिंगांहून कमी असेल अशा गृहस्थाने शिकारी कुत्रे, जाळी व सशाचे फास बाळगू नयेत, अन्यथा एक वर्ष कैद. १५२३ मध्ये बर्फावरील पावलांचा माग काढून ससा मारण्याला बंदी झाली. बागेत हिवाळ्यात येणाऱ्या सशाला गाठण्याची सर्वांत सोपी रीत हीच होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. १६७१ च्या कायद्याने तर कळस केला. वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची मालकी जमीन, किंवा १५० पौंडांचा दीर्घ मुदतीचा पट्टा, किंवा एस्क्वायर व त्याहून वरच्या दर्जाच्या घराण्याचे वारसपण, यांपैकी एक असेल तोच शिकारीस पात्र. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्यास ४० शिलिंगांची जमीन पुरे होती. म्हणजे राज्यकर्ता निवडण्यास जेवढी ऐपत लागे, तिच्या पन्नासपट ऐपत तित्तिर मारण्यास लागे. ही विसंगती अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनसारख्या सनातनी कायदेपंडितालाही खटकली. याच कायद्याने जमीनदाराच्या शिकार-रखवालदारास अपात्र माणसाच्या घराची झडती घेऊन कुत्रे व जाळी जप्त करण्याचा अधिकार दिला. आणि खटला चालावयाचा तो ज्यांच्यासमोर, ते न्यायाधीश बहुधा शेजारचेच जमीनदार असत!

ससा खाण्याला यामुळे एक निराळीच प्रतिष्ठा आली. १७४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लासच्या पाकशास्त्रावरील ग्रंथात ससा सुरईत घालून, ती सुरई उकळत्या पाण्यात ठेवून शिजविण्याची कृती आहे. शिजविण्यापूर्वी ससा आतडी न काढता काही दिवस टांगून ठेवीत आणि त्याचे रक्त रश्शासाठी राखीत. ग्रंथ सामान्य गृहिणींसाठी होता; पण त्या गृहिणीने ससा आणावयाचा कोठून? १७५५ पासून शिकारीस पात्र असलेल्या माणसालाही शिकारीचे मांस विकता येईना. सरळ मार्ग एकच, कोणा जमीनदाराकडून भेट यावी. दुसरा मार्ग म्हणजे मागील दारी येणारा फासेवाला. लंडनमधील कोंबडीविक्यांना ससे पुरविणारा मोठा चोरटा व्यापार या बंदीनेच पोसला. रॅबिटची गोष्ट वेगळी. तो मारल्याबरोबर साफ करून ताजाच कांद्याबरोबर शिजवीत किंवा पाय नावाच्या भरल्या कणकेच्या पदार्थात घालीत. ते गरिबाघरचे मांस होते, आणि एकोणिसाव्या शतकात वॉरेन सोडून तो रानभर पसरल्यावर अधिकच झाले.

फ्रान्समध्ये हा प्रश्न झपाट्याने सुटला. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सुरू झालेल्या ठरावांनी उमरावांचा शिकारीचा एकाधिकार नष्ट केला आणि आपल्या जमिनीवर आलेला प्राणी मारण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकाला मिळाला. उमरावांच्या कबुतरखान्यातील कबुतरेही, कोंडून ठेवण्याच्या मुदतीत शेतात उतरली तर, शिकार समजली गेली. इंग्लंडात मात्र याच काळात शिक्षा वाढत गेल्या. १८२८ च्या कायद्याप्रमाणे रात्री ससा वा रॅबिट धरल्याचा गुन्हा तिसऱ्यांदा झाला तर सात वर्षांपर्यंत काळ्या पाण्याची शिक्षा होती. १८३१ मध्ये उत्पन्नाची अट गेली, परवाना घेणाऱ्या कोणालाही शिकार खुली झाली, विक्रीही कायदेशीर झाली. परंतु कुळाच्या हाती काहीच लागले नाही, कारण जमीनदार पट्टा लिहून देतानाच शिकारीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवीत. कुळाने कोबी लावावा, खंड भरावा, आणि तो कोबी खाऊन पुष्ट झालेला ससा जमीनदाराच्या पाहुण्यांनी मारावा, असा हा व्यवहार होता. १८६२ मध्ये पोलिसांना रस्त्याने जाणाऱ्या संशयिताची झडती घेण्याचा अधिकार मिळाला. शेतमजुरांच्या संघाचा संस्थापक जोसेफ आर्च याने १८९८ मधील आत्मवृत्तात मजुरांची भावना नमूद केली आहे. ससे व रॅबिट हे बागेतल्या थ्रश किंवा ब्लॅकबर्ड पक्ष्यांइतकेच कोणा एकाच्या मालकीचे नाहीत, असे ते मानीत. रोमन न्यायशास्त्राचे तत्त्व, ते न वाचलेल्या माणसाच्या तोंडी, असेच हे म्हणावे लागेल.

१८८० मध्ये ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळातील गृहमंत्री हार्कोर्ट याने ‘ग्राउंड गेम ॲक्ट’ संमत करून घेतला. ज्याच्या कब्जात जमीन आहे त्याला तीवरील ससे व रॅबिट मारण्याचा हक्क मिळाला. आणि हा हक्क सोडून देणारा कोणताही करार निरर्थक ठरविण्यात आला. करारस्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्या लिबरल पक्षाने असे कलम घालावे यावर पुष्कळ टीका झाली, पण या कलमाशिवाय सगळा कायदा कागदावरच राहिला असता. ‘ग्राउंड गेम’ या शब्दयोजनेतही चातुर्य आहे: उडणारे पक्षी जमीनदाराकडे राहिले, जमिनीवर चालणारे दोन प्राणी तेवढे वेगळे काढले गेले. लाभ मुख्यतः कुळांना झाला. ज्या मजुराजवळ घरामागच्या तुकड्यापलीकडे जमीन नव्हती, त्याचा हक्क कुंपणाशी संपे; कुंपणापलीकडे तोच ससा धरणे हा पूर्वीप्रमाणेच गुन्हा होता.

१९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीट्रिक्स पॉटरच्या बालकथेत पीटर या रॅबिटच्या बापाला बागवाल्याची बायको ‘पाय’मध्ये घालते, हे लहान मुलांना सहज सांगितले आहे. बाग बागवाल्याच्या कब्जात असल्यास १८८० नंतर त्यात बेकायदेशीर काही नव्हते. पुढे १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग केंट परगण्यात आढळला आणि दोन-तीन वर्षांत देशातील बहुतेक रॅबिट मेले. रोगाने सुजलेले, आंधळे झालेले प्राणी पाहिल्यावर लोकांना त्या मांसाची किळस आली व ते ताटातून जवळजवळ नाहीसे झाले. १९५४ च्या ‘पेस्ट्स ॲक्ट’ने सरकारने नेमून दिलेल्या क्षेत्रांत जमीनधारकाने रॅबिट मारलेच पाहिजेत असे ठरविले. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी ज्याचा हक्क मिळविण्यास एवढा झगडा करावा लागला होता, ते आता त्याच्यावर कर्तव्य म्हणून लादले गेले. आणि कायद्याच्या नावात ‘गेम’च्या जागी ‘पेस्ट’ हा शब्द आला.