पोटातला कर्करोग आणि गरम औषधाचा उपचार

पोटाच्या पोकळीला आतून पेरिटोनियम नावाच्या पातळ पडद्याचे अस्तर असते. त्यावर कर्करोगाच्या बारीक गाठी पसरल्या की शिरेतून दिलेले औषध तिथे पुरेसे पोहोचत नाही. म्हणून डोळ्यांना दिसतील तेवढ्या गाठी आधी काढून, त्याच वेळी पोकळीत गरम औषध फिरवण्याची पद्धत रूढ झाली. तिला ‘हायपेक’ म्हणतात.

1980 मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल येथे जॉन स्प्रॅट आणि सहकाऱ्यांनी एका प्रौढ रुग्णावर हा उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर यांनी 1995 मध्ये रोगट पडदा सोलून काढण्याची पद्धतशीर रीत मांडली.

मुलांपर्यंत हा उपचार उशिरा आला. किशोरवयीन आणि तरुण मुलग्यांच्या पोटात प्रामुख्याने आढळणाऱ्या एका दुर्मीळ सार्कोमाचे, म्हणजे मऊ ऊतींच्या कर्करोगाचे, वर्णन जेराल्ड आणि रोसाई यांनी 1989 मध्ये केले. या रोगात गाठींची संख्या शेकड्यांवर जाऊ शकते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात आंद्रेआ हेज-जॉर्डन यांनी अशा मुलांवर हायपेक केले आणि 2010 मध्ये त्याचा अहवाल दिला. गाठी काढल्यावर पोटात नळ्या बसवतात. सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध मिसळलेले, सुमारे 41 अंश सेल्सिअसचे द्रव पंपाने साधारण 90 मिनिटे फिरवतात. ते कानाकोपऱ्यात पोहोचावे म्हणून पोट हाताने हलवत राहतात. मूत्रपिंडे वाचावीत यासाठी शिरेतून सोडियम थायोसल्फेट देतात.

या उपचाराचा लाभ अजून वादातीत नाही. रोग दुर्मीळ असल्याने मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत, आणि फ्रान्समधील रुग्णांच्या आढाव्यात हायपेकमुळे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. गाठी जवळजवळ पूर्ण निघणे आणि सोबतची किमोथेरपी यांचे महत्त्व मात्र सर्वमान्य आहे.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि राजगड (पूर्वीचे वेल्हे) या डोंगरी तालुक्यांत असा उपचार होत नाही. तिथल्या मुलांची वाट पुण्याकडे, 1867 पासूनच्या ससून रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयांकडे, आणि गरज पडल्यास परळच्या, 1941 मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे जाते. मुंबईत उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना राहायला जागा देणारी सेंट ज्यूड संस्था 2006 पासून काम करते. मुलाचे पोट वाढत असेल, हाताला गाठ लागत असेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे आणि सोनोग्राफी करून घ्यावी.