लोकलच्या डोक्यावरची वीज: डीसी ते एसी, ९१ वर्षं

एसी-डीसी म्हटलं की लगेच एडिसन विरुद्ध टेस्ला सुरू होतं. ती गोष्ट तुम्ही दहादा ऐकली असेल, म्हणून आज ती नको. हाच सामना मुंबईच्या लोकलच्या डोक्यावरही झाला, आणि तो मला जास्त भारी वाटतो.

आधी फरक, पटकन. डीसीमध्ये करंट एकाच दिशेने वाहतो, बॅटरीतून येतो तसा. एसीमध्ये तो दिशा बदलत राहतो, आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे. या पुढे-मागेमुळेच ट्रान्सफॉर्मर चालतो, म्हणजे व्होल्टेज हवं तसं वाढवता किंवा उतरवता येतं. जुन्या काळी डीसीला ही सोय नव्हती.

आता ३ फेब्रुवारी १९२५. बोरीबंदर, म्हणजे तेव्हाचं व्हिक्टोरिया टर्मिनस, ते कुर्ला, हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची ट्रेन धावली. वायरमध्ये १५०० व्होल्ट डीसी. पण खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईत १९१५ पासून जी वीज येत होती, ती तर एसी होती! मग डीसी कशाला? कारण डीसी मोटर. ही मोटर जागेवरून उठतानाच जबरदस्त जोर लावते, आणि दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलला तेच हवं असतं. म्हणून रुळांच्या कडेला सबस्टेशनं बांधून एसीची डीसी करायची आणि ती गाडीला द्यायची, असं ठरलं. १९३० च्या आसपास हीच डीसी घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोचली.

गोची कुठे झाली, ते गणितात बघा. समजा, एका गाडीला ३ मेगावॉट लागतात. १५०० व्होल्टला करंट होतो २००० अँपिअर. २५,००० व्होल्टला फक्त १२०. आणि वायरमध्ये उष्णता बनून वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीच वायर असेल तर फरक जवळपास २७८ पट! म्हणून डीसीला जाड वायरी लागतात आणि दर थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन. गाड्या वाढल्या, डबे ९ चे १२ झाले, तशी ही व्यवस्था धापा टाकायला लागली.

तोवर फ्रान्सने २५,००० व्होल्ट एसीवर गाड्या चालवून दाखवल्या होत्या. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये तीच पद्धत स्वीकारली. यात रूपांतराची जागा बदलते: सबस्टेशनमधलं काम गाडीत येतं. ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर गाडी स्वतःच घेऊन फिरते. तुमच्या मोबाइलचा चार्जर करतो तेच, फक्त अवाढव्य.

देशभर एसी पसरली, मुंबई मात्र डीसीवरच राहिली. बदलायचं कसं? लाखो लोक रोज लटकून जातात, वर्षभर लोकल बंद ठेवून चालणार नाही. म्हणून दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि रात्रीचे ब्लॉक घेत थोडा थोडा मार्ग बदलत नेला. पूल हीसुद्धा डोकेदुखी होती. २५,००० व्होल्टच्या वायरला वर जास्त मोकळी जागा लागते. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, त्याची कमी उंची हे एक कारण होतं.

आणि टपावर बसणारे. हे नीट ऐका. डीसीची वायरही जीव घ्यायचीच, पण २५,००० व्होल्टला स्पर्शाची गरज नाही. नुसतं जवळ गेलं तरी वीज हवेतून उडी मारते. 'वायरला हात नाही लावणार' हा हिशोब इथे चालतच नाही. त्यामुळे गाडी यार्डात उभी असली तरी सेल्फीसाठी टपावर चढू नका, प्लीज.

पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मेन लाइनचं २०१५ मध्ये. राहिली हार्बर. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री डीसीवरची शेवटची लोकल कुर्ल्याहून सीएसटीला गेली, १९२५ ची पहिली गाडी ज्या मार्गावर धावली त्याच मार्गाने, उलट्या दिशेला.

भेटू पुढच्या भागात.