द्रौपदी नक्की कधी हसली?

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदी 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणून हसली आणि महाभारत घडलं, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने असंख्य हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार केली. त्यातलं सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलं; ते १९४४ साली आलं. त्यात हा टोमणा नाही.

आणि हसणं? ते तीनदा येतं. वैशंपायन प्रसंग सांगतो तेव्हा भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि नोकर हसतात. द्रौपदीचा उल्लेखच नाही. उलट राजाज्ञेने दुर्योधनाला चांगली वस्त्रं दिली जातात. पुढे शकुनीजवळ मन मोकळं करताना दुर्योधनाला जाळतं ते पांडवांचं वैभव आणि पहारेकऱ्यांचं हसणं. द्रौपदी इथेही नाही. ती येते तिसऱ्या वेळी. द्यूताला नाखूश असलेल्या धृतराष्ट्राचं मन वळवताना दुर्योधन सांगतो, की कृष्ण हसला, अर्जुन हसला आणि इतर स्त्रियांसह द्रौपदीही हसली.

तो खोटं बोलतो असं ग्रंथ म्हणत नाही. पण द्रौपदीच्या हसण्याला साक्षीदार एकच, तोही दुखावलेला आणि बापाकडून काहीतरी हवं असलेला.

आपण मात्र त्याची साक्ष निवेदकाच्या तोंडी घातली, वर टोमणाही जोडला. त्यामुळे सभेत तिची झालेली विटंबना सूड ठरते आणि 'तिनेही बोलायला नको होतं' असं म्हणायची सोय होते. ही सोय व्यासांनी केलेली नाही, आपणच करून घेतली आहे.